छापलेले, वाचलेले आणि उमजलेले : वृत्तपत्रांच्या अभ्यासाची ओळख

भूमी संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली म्हणजे ती राजपत्रात प्रसिद्ध होते आणि त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापली जाते. त्यांपैकी एक दैनिक प्रादेशिक भाषेतील असले पाहिजे, असे २०१३च्या भूमी संपादन कायद्याच्या अकराव्या कलमात सांगितले आहे. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून साठ दिवसांच्या आत संबंधित व्यक्तीला आपली हरकत नोंदविता येते. ज्या शेतकऱ्याची जमीन जावयाची आहे, त्याच्या दृष्टीने आतल्या पानावर बारीक टायपात छापलेला तो मजकूर म्हणजे त्या वर्षातील सर्वांत महत्त्वाची बातमी होय. परंतु त्या दिवशीचे दैनिक त्याच्या गावात आले होते काय? आले असल्यास त्याच्या हाती पडले काय? आणि हाती पडले असल्यास गट क्रमांकांच्या त्या यादीचा अर्थ त्याला उमजला काय?

कायदा करणाऱ्यांच्या मनातही ही शंका असावी. कारण त्याच कलमात अधिसूचना पंचायतीत व तहसील कार्यालयात स्थानिक भाषेत प्रसिद्ध करण्याची, तसेच खास बोलाविलेल्या ग्रामसभेत तिचा आशय सांगण्याची तरतूद केलेली आहे. मजकूर छापून येणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची ती एक प्रकारे कबुलीच म्हणावी लागेल.

छापलेले, वाचलेले आणि उमजलेले यांतील हे अंतर मोजण्याचा प्रयत्न जगातील विद्यापीठांतून गेली शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वृत्तपत्रांशी रोजचा संबंध येतो. योजनांची माहिती, निविदा, जाहीर सूचना, साथीच्या रोगांविषयीचा इशारा यांपैकी बरेच काही वृत्तपत्रांच्या द्वारा लोकांना कळावे अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा कितपत पुरी होते हे तपासण्याच्या रीती या मंडळींना माहीत असणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

अभ्यासाचा उगम

वृत्तपत्रांविषयीचा विद्यापीठीय अभ्यास जवळजवळ वृत्तपत्रांइतकाच जुना आहे. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात टोबियास पॉइसर या अभ्यासकाने १६९० साली वृत्तपत्रांतील बातम्यांवर प्रबंध सादर केला होता. वृत्तपत्रातील मजकूर मोजून पाहण्याची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. अमेरिकेत जॉन गिल्मर स्पीड यांनी १८९३ साली न्यूयॉर्कमधील काही दैनिकांचे १८८१चे व १८९३चे अंक शेजारी ठेवून त्यांतील विषयवार स्तंभ मोजले. धर्म व साहित्य यांची जागा आक्रसली असून कुचाळक्या, भानगडी व खेळ यांनी ती व्यापली आहे, असे त्यांना आढळून आले. वृत्तपत्रे बिघडत चालली आहेत ही तक्रार त्यापूर्वीही होत होती. स्पीड यांनी तिला आकड्यांचा आधार दिला.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१० साली फ्रांकफुर्ट येथील समाजशास्त्र परिषदेत वृत्तपत्रांच्या व्यापक अभ्यासाची एक योजना मांडली. कात्री व कंपास हाती घेऊन वृत्तपत्रातील मजकूर कसकसा बदलत गेला ते प्रथम मोजावे आणि मग त्याच्या अर्थाकडे वळावे, असे त्यांचे म्हणणे होते. ती योजना तडीस गेली नाही. परंतु मोजमाप आधी व मतप्रदर्शन नंतर हा तिच्यातील क्रम पुढील अभ्यासकांनी उचलला. १९१६ साली कार्ल ब्यूखर यांनी लाइपझिग येथे वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र संस्था स्थापन केली.

भारतात १९४१ साली लाहोर येथे पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी वृत्तपत्रविद्येचे शिक्षण सुरू केले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात हा विभाग १९५२ साली निघाला, तर दिल्ली येथील भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली स्थापन झाली. मराठीत अभ्यासाचा पहिला ओघ इतिहासलेखनाकडे होता आणि ते स्वाभाविकही होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यानंतरच्या शतकभरात ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘दीनबंधु’, ‘केसरी’ अशा पत्रांनी लोकमत घडविले. रा. के. लेले यांनी या पत्रांचा इतिहास लिहिला, तर शं. ग. दाते यांनी नियतकालिकांची सूची सिद्ध करण्याचे कष्टाचे काम केले. कोणते पत्र कोणी, केव्हा व कशासाठी काढले, हे या ग्रंथांमुळे कळते. ते पत्र कोण वाचीत होते आणि वाचून काय समजत होते, या प्रश्नांसाठी मात्र निराळी साधने लागतात.

मजकुराचे मोजमाप

पहिले साधन आशय-विश्लेषण हे होय. ठराविक काळातील ठराविक अंक निवडावयाचे, त्यांतील मजकुराचे आधी ठरविलेल्या नियमांनुसार वर्ग पाडावयाचे आणि प्रत्येक वर्गाची मोजणी करावयाची, अशी ही रीत आहे. दुसऱ्या कोणीही तेच नियम घेऊन तेच अंक तपासले तर उत्तर तेच आले पाहिजे, ही तिची मुख्य अट. अमेरिकन अभ्यासक बर्नार्ड बेरेलसन यांनी १९५२ साली या रीतीवर लिहिलेला ग्रंथ पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला.

या रीतीचे सामर्थ्य एका जुन्या उदाहरणावरून दिसून येते. वॉल्टर लिपमन व चार्ल्स मर्झ यांनी १९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या प्रतिष्ठित दैनिकाचे मार्च १९१७ ते मार्च १९२० या काळातील सुमारे एक हजार अंक तपासले. रशियन राज्यक्रांतीविषयी वाचकांना काय सांगण्यात आले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे ज्या घटना निर्विवादपणे सिद्ध झाल्या, त्यांच्याशी त्यांनी छापलेल्या बातम्या ताडून पाहिल्या. बोल्शेविकांची सत्ता कोसळली आहे किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या दैनिकात एक्याण्णव वेळा छापून आले होते. प्रत्यक्षात ती सत्ता टिकून राहिली. यामागे लबाडी असल्याचा आरोप लिपमन व मर्झ यांनी केला नाही. वृत्तपत्र चालविणाऱ्यांच्या मनातील आशा व भीती बातम्यांत उतरल्या आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकेक अंक वाचणाऱ्याला हे दिसले नसते. हजार अंक एकत्र ठेवल्यावरच ते दिसले.

आशय-विश्लेषणाची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. शब्द मोजता येतो. त्याचा रोख मोजणे कठीण असते. याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ब्रिटिश सरकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे नियमितपणे तयार करवून घेत असे. मुंबई इलाख्यातील असे अहवाल आज इतिहासाच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडतात, कारण त्या काळातील कित्येक लहान पत्रांचे अंक आता मिळत नाहीत. परंतु हे गोषवारे राज्यकर्त्यांच्या चिंतेतून जन्मलेले आहेत. सरकारला जे खुपले ते त्यांत ठळकपणे आले आणि गावच्या जत्रेची वा पावसापाण्याची वार्ता बहुधा गळाली. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी आपल्या बचावाच्या भाषणात ‘केसरी’तील लेखांच्या सरकारी भाषांतरावरच बोट ठेवले होते. मराठी शब्दाची छटा इंग्रजी प्रतिशब्दात बदलली की लेखाचा हेतूही बदललेला दिसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मजकुराचे वर्गीकरण करणारा माणूस कोण व त्याला काय शोधावयाचे आहे, हा प्रश्न म्हणून प्रत्येक आशय-विश्लेषणाला विचारावा लागतो.

बातमीच्या दारातील माणूस

अंकात काय आले हे मोजल्यावर सहजच पुढचा प्रश्न उभा राहतो : काय आले नाही आणि ते कोणी वगळले? डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९४९च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सुमारे एक लाख वस्तीच्या एका शहरातील दैनिकाच्या वृत्तसंपादकाला एक विनंती केली. तारेने आलेल्या ज्या बातम्या तो आठवडाभरात नाकारील, त्या प्रत्येकीवर नाकारण्याचे कारण त्याने लिहून ठेवावे. आठवड्याच्या अखेरीस असे दिसून आले की, आलेल्या मजकुरापैकी सुमारे एक दशांशच छापला गेला होता. पुष्कळ बातम्या जागेअभावी गळाल्या होत्या. काहींवर मात्र हे खरे वाटत नाही किंवा हे नीरस आहे अशा अर्थाचे शेरे होते. व्हाइट यांनी या माणसाला द्वारपाल म्हटले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासाने हा शब्द वृत्तपत्रविद्येत रूढ केला.

योहान गाल्टुंग व मारी रूगे या नॉर्वेतील अभ्यासकांनी १९६५ साली हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला. काँगो, क्युबा व सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेतील चार वृत्तपत्रांत कशा आल्या, हे त्यांनी तपासले आणि कोणत्या गुणांमुळे एखादी घटना बातमी बनते याची बारा कारणे मांडली. त्यांपैकी एक विकासकार्याशी संबंधित प्रत्येकाने लक्षात घेण्याजोगे आहे. दैनिक रोज निघते, त्यामुळे एका दिवसात घडून संपणारी घटना त्याला सोयीची पडते. वर्षानुवर्षे हळूहळू चालणारे काम त्याच्या चाळणीतून निसटते. धरण बांधले जात असते तेव्हा त्याची वार्ता नसते, ती उद्घाटनाच्या दिवशी होते, असा दाखला त्यांनी दिला आहे. जमिनीची धूप, विहिरींची खालावणारी पातळी, शाळेतून एकेक करून गळणाऱ्या मुली यांना उद्घाटनाचा दिवस नसतो. म्हणून त्या मथळ्यात येत नाहीत.

दारात कोण उभे आहे याचा शोध भारतातही घेण्यात आला आहे. अनिल चमडिया, जितेंद्र कुमार व योगेंद्र यादव यांनी २००६ साली दिल्लीतील सदतीस हिंदी व इंग्रजी वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती वा जमातींतील एकही व्यक्ती आढळली नाही. मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. १८७७ साली निघालेले ‘दीनबंधु’ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले ‘मूकनायक’ यांच्या जन्मामागे, प्रचलित पत्रांतून आपली बाजू येत नाही हीच जाणीव होती. संशोधनाने त्या जाणिवेला पुढे आकड्यांचे रूप दिले.

खप आणि वाचन

वाचकाकडे वळण्यापूर्वी तीन संख्यांमधील फरक स्पष्ट केला पाहिजे. छापलेल्या प्रतींची संख्या, खपलेल्या प्रतींची संख्या आणि वाचकांची संख्या या एकच नव्हेत. पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिल्यानंतर १९५६च्या जुलैपासून वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय सुरू झाले आणि देशातील पत्रांची व त्यांच्या खपाची नोंद एका ठिकाणी होऊ लागली. २०२३च्या नव्या कायद्यान्वये या नोंदणीची रचना बदलण्यात आली आहे. निबंधकाकडील खपाचे आकडे मुख्यतः प्रकाशकांनी दिलेल्या विवरणांवर आधारलेले असतात. १९४८ साली स्थापन झालेली ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था सभासद-पत्रांचा खप हिशेब तपासून प्रमाणित करते.

एका प्रतीमागे किती वाचक, हा वेगळाच हिशेब आहे. शहरातील सदनिकेत येणारी प्रत दोघेतिघे पाहतात. गावच्या वाचनालयातील, केशकर्तनालयातील वा चहाच्या दुकानातील प्रत दिवसभरात अनेकांच्या हातांतून जाते. शिवाय एकाने मोठ्याने वाचावे आणि चौघांनी ऐकावे ही रीतही आहे. भारतीय वाचक सर्वेक्षणात म्हणूनच दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले : गेल्या महिनाभरात हे पत्र केव्हा तरी वाचले काय आणि काल वाचले काय. या दोन उत्तरांतून निघणाऱ्या वाचकसंख्यांत मोठी तफावत पडते. एखाद्या पत्राने आपली वाचकसंख्या जाहीर केली की ती कोणत्या प्रश्नावरून काढली आहे, हे प्रथम विचारावे.

‘काय वाचता?’ या प्रश्नाचे उत्तरही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, हे जॉर्ज गॅलप यांनी १९२८ साली आयोवा विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिले. पुढे जनमत-चाचण्यांमुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्यांची सुरुवात मात्र वृत्तपत्राच्या वाचकांपासून झाली होती. नुसती प्रश्नावली पाठविली तर लोक आपण गंभीर मजकूर वाचतो असे कळवितात. गॅलप यांनी अंकाची कोरी प्रत वाचकापुढे ठेवली आणि पहिल्या पानापासून एकेक स्तंभ दाखवीत ‘हे वाचले होते काय’ असे विचारून खुणा केल्या. तेव्हा मोठमोठ्या राजकीय बातम्यांपेक्षा चित्रे व हलकाफुलका मजकूर अधिक पाहिला गेल्याचे दिसून आले. लोक खोटे बोलतात असा याचा अर्थ घेऊ नये. आपण काय वाचावयास हवे याची एक प्रतिमा प्रत्येकाच्या मनात असते आणि उत्तर देताना ती पुढे येते.

वृत्तपत्र न आलेले दिवस

वृत्तपत्राचा उपयोग कशासाठी होतो हे ते बंद पडल्यावर अधिक स्पष्ट होते. १९४५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रे पोहोचविणाऱ्या कामगारांचा संप जवळजवळ अडीच आठवडे चालला. महापौर ला गार्डिया यांनी त्या दिवसांत रविवारच्या पुरवणीतील चित्रमालिका नभोवाणीवरून मुलांना वाचून दाखविल्या. याच काळात बेरेलसन यांनी मॅनहॅटन भागातील साठ लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. जगातील घडामोडी कळण्यासाठी वृत्तपत्र आवश्यक आहे, असे बहुतेकांनी सांगितले. परंतु कोणत्या विशिष्ट बातमीवाचून अडले ते फार थोड्यांना सांगता आले. त्याऐवजी निरनिराळ्या गरजा पुढे आल्या. कोणाला नभोवाणीच्या कार्यक्रमांच्या वेळा हव्या होत्या, कोणाला दुकानांच्या जाहिराती, कोणाला मृत्यूची वार्ता. चारचौघांत बोलावयास विषय उरला नाही अशीही काहींची तक्रार होती. तर पुष्कळांचा नुसता वाचनाचा नेमच मोडला होता.

या अभ्यासातून वृत्तपत्राची जी प्रतिमा उभी राहते ती अग्रलेख व मथळे यांच्या पलीकडची आहे. बाजारभाव, पावसाचा अंदाज, एस. टी.चे वेळापत्रक, परीक्षेचा निकाल, भरतीची जाहिरात आणि निधनवार्ता यांकरिता अंक उघडणारा वाचक हाही पूर्ण वाचकच होय. त्याला काही सांगावयाचे असेल तर तो ज्या पानावर थांबतो त्या पानाचा विचार करावा लागेल.

गावापर्यंत काय पोहोचते

वाचलेले उमजते काय, हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि त्यासंबंधीचा एक महत्त्वाचा अभ्यास पुणे परिसरात झालेला आहे. डेक्कन कॉलेजातील समाजशास्त्रज्ञ वाय. बी. दामले यांनी १९५६ साली खेड्यांमध्ये आधुनिक विचार व माहिती कशी पसरते यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. शहराजवळच्या गावात माहिती अधिक आणि दूरच्या गावात कमी, एवढ्या सोप्या सूत्रात ही गोष्ट बसत नाही, असे त्यावरून दिसते. अंतराला महत्त्व आहेच. पण गावाची सामाजिक रचना कशी आहे आणि त्या माहितीचा ऐकणाऱ्याच्या जगण्याशी काय संबंध आहे, यावरही ती रुजणे अवलंबून असते.

त्याच वर्षी मुंबई राज्याच्या मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत नभोवाणी शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. त्याचा अभ्यास पॉल न्यूरथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने केला. हा प्रयोग नभोवाणीचा असला तरी त्याचा धडा छापील मजकुरालाही लागू पडतो. जेथे लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत, तेथे त्यांच्या माहितीत मोठी भर पडली. निरक्षर सभासदही मागे राहिले नाहीत. जेथे अशी मंडळे नव्हती, तेथे फारसा फरक पडला नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या टिचनर, डोनोह्यू व ओलिएन या अभ्यासकांनी १९७० साली एक अस्वस्थ करणारे अनुमान मांडले. समाजात माहितीचा ओघ वाढला की ती अधिक शिकलेल्यांकडे अधिक वेगाने जमा होते. त्यामुळे सर्वांना काहीसे अधिक कळले तरी शिकलेला व कमी शिकलेला यांतील दरी रुंदावते. मात्र प्रश्न स्थानिक असेल आणि त्यावर गावात उघडपणे वादविवाद होत असेल, तर ही दरी कमी होते, असेही त्यांना १९७५च्या अभ्यासात आढळून आले.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांहून अधिक होते. अक्षरे वाचता येणाऱ्याला ‘हितसंबंधित व्यक्तींनी विहित मुदतीत आक्षेप दाखल करावेत’ हे वाक्य वाचता येईल. आपण हितसंबंधित आहोत हे त्याला कळेलच असे नाही. आता मोबाइलवरून फिरणाऱ्या कात्रणांमुळे मजकूर अधिक लोकांच्या नजरेस पडतो; परंतु पुष्कळदा कात्रणावर दिनांक नसतो, पत्राचे नाव नसते आणि मुदत टळल्यावरही ते फिरतच राहते.

गावपातळीवरील छोटा अभ्यास

वरील रीती वापरण्यास मोठ्या निधीची गरज नाही. माध्यमिक शाळेतील नववीचा वर्ग, ग्रामपंचायतीचे वाचनालय किंवा तालुक्याचे कार्यालय यांना एक पट्टी, एक वही आणि दोन महिन्यांचा काळ एवढ्यावर असा अभ्यास करता येईल.

प्रथम प्रश्न लहान व नेमका घ्यावा. ‘वृत्तपत्रे आणि ग्रामीण विकास’ हा प्रश्न नव्हे. ‘आपल्या गावात येणाऱ्या दोन दैनिकांत शेती, आरोग्य, शिक्षण व ग्रामपंचायत यांना किती जागा मिळते’ हा प्रश्न होय.

अंक निवडताना सलग एक आठवडा घेऊ नये. त्या आठवड्यात निवडणूक किंवा अतिवृष्टी असेल तर सारे चित्र बिघडते. पहिल्या आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार, तिसऱ्याचा बुधवार अशा क्रमाने सात आठवड्यांतून सात अंक घ्यावेत. त्यामुळे रविवारच्या पुरवणीसह प्रत्येक वाराला स्थान मिळते.

जागा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजावी. उदाहरणादाखल, आठ स्तंभांचे व पन्नास सेंटिमीटर उंचीचे पान म्हणजे चारशे स्तंभ-सेंटिमीटर होत. बारा पानांचे ४,८०० होतात. त्यांतून जाहिरातींचे १,८०० वजा केल्यास ३,००० उरतात. शेतीचा मजकूर १५० भरला तर त्याचे प्रमाण पाच टक्के झाले. दोन पत्रांच्या स्तंभांची रुंदी सारखी नसते, म्हणून तुलना टक्केवारीनेच करावी.

वर्ग कोणते व कोणत्या वर्गात काय घालावयाचे, हे मोजणीपूर्वी लिहून ठेवावे. कांद्याच्या निर्यातीची बातमी शेतीत घालावयाची की व्यापारात, हे आयत्या वेळी ठरविले तर प्रत्येक जण वेगळे ठरवील. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच पन्नास तुकडे वर्गवार लावून पाहावेत. बेचाळीस जुळले तर एकमत ८४ टक्के झाले. एकमत याहून बरेच कमी पडल्यास दोष व्याख्येत आहे असे समजून ती सुधारावी. बातमीत बोलते कोण, याचीही एक नोंद ठेवावी : अधिकारी, लोकप्रतिनिधी, शेतकरी, मजूर, स्त्री की कोणीच नाही.

वाचकांकडे जाताना अंक विकत घेणाऱ्यांपुरते जाऊ नये. गावातील घरांच्या यादीतून ठराविक अंतराने घरे निवडावीत आणि घरातील कर्त्या पुरुषाबरोबरच स्त्रिया व तरुण यांनाही विचारावे. वस्त्या, तांडे व पाडे सुटता कामा नयेत. गॅलप यांच्याप्रमाणे अंकाची प्रत समोर ठेवून विचारावे. शेवटी एखादी जाहीर सूचना वाचावयास किंवा ऐकावयास देऊन तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगण्यास सांगावे : ही कोणासाठी आहे, काय करावयाचे आहे आणि केव्हापर्यंत. ज्याला या सांगता आल्या नाहीत, त्याची ती परीक्षा नव्हती. ती सूचना लिहिणाऱ्याची होती, हे विद्यार्थ्यांच्या मनावर आधीच बिंबवावे. उत्तर देणाऱ्याचे नाव वहीत लिहू नये.

अशा अभ्यासातून जिल्ह्याविषयी वा राज्याविषयी निष्कर्ष काढता येणार नाहीत, कारण एका गावाचे चित्र एका गावापुरतेच असते. परंतु आपल्या गावात कोणती सूचना कोठे अडकते, हे त्यातून निश्चित कळते आणि ग्रामपंचायतीला तेवढेच हवे असते.

समारोप

या संशोधनाचा इतिहास पाहता एक गोष्ट वारंवार समोर येते. मोठ्या दैनिकातील जाणती माणसेही आपल्या आशेला बातमी समजली. वाचकांनी स्वतःविषयी सांगितलेले आणि त्यांनी प्रत्यक्ष केलेले एक नव्हते. आणि माहिती वाढली म्हणून ती सर्वांना सारखी मिळाली असे झाले नाही. प्रत्येक वेळी समज आणि वस्तुस्थिती यांतील अंतर कोणीतरी पट्टी लावून मोजले, म्हणूनच ते कळले.

कार्यालयाच्या नस्तीत वृत्तपत्राचे कात्रण लावले म्हणजे प्रसिद्धीचे काम कागदोपत्री पूर्ण होते. ते कात्रण ज्याच्यासाठी होते त्याने ते वाचले व त्याला ते उमजले, याचा पुरावा नस्तीत नसतो. तो गावात जाऊनच मिळवावा लागतो. साठ दिवसांच्या मुदतीतील पहिल्या आठवड्यात सरपंचाने, ग्रामसेवकाने वा शिक्षकाने ती सूचना चावडीवर मोठ्याने वाचून दाखविली आणि कोणाचा गट क्रमांक त्यात आहे हे नावानिशी सांगितले, तर त्या शेतकऱ्याच्या हातात हरकत नोंदविण्यासाठी सात आठवड्यांहून अधिक अवधी उरतो.